इटालियन टेलरची पाचवी ट्रायल

"काका, तुमी खरंच इटलीले गेल्ते का हो?"

हा प्रश्न विचारायची पैज होती. प्रेरणा आणि छकुली रस्त्यापलीकडे रसवंतीच्या बाकावर बसून तोंडावर ओढण्या दाबत होत्या. आणि दहावीतली अनुपमा नांदुऱ्याच्या त्या दुकानाच्या पायरीवर एकटीच उभी होती. वर पाटी होती: 'इटालियन टेलर. सुटाचे खास कारागीर. प्रो. जानराव.'

महिन्याभरापूर्वीची अनुपमा ही पायरी चढलीच नसती. पण वक्तृत्व स्पर्धेत तालुक्यात पहिली आल्यापासून तिला कुणाची म्हणून भीती वाटत नव्हती.

"जा बे," छकुलीनं तिला ढकललं होतं. "अन् शोकेसमधल्या त्या पुतळ्यालेही विचार, काय खातो म्हणा. पाह्य कसा फुगला!"

तिघी खूप हसल्या होत्या. दुकानात मात्र कुणी हसत नव्हतं.

"इटलीचं सोड, पोरी," आतल्या खुर्चीवरून एक म्हातारा म्हणाला. "इथं माहा सूट चोरीले गेला."

ते इंद्रभान. रेल्वे फाटकावरचे निवृत्त गेटमन. समोर जानराव उभे होते, गळ्यात मापाची टेप आणि टेपला बांधलेली किल्ली. भिंतीवरच्या खिळ्याला एक रिकामा हँगर लटकत होता.

अनुपमाचे डोळे चमकले. चोरी! नांदुऱ्यात! आणि तीही आपल्यासमोर!

"कधी गेला?"

"काल संध्याकाळी पाचवी ट्रायल झाली. आज न्यायले आलो तं हा हँगर," इंद्रभान म्हणाले. "आज संध्याकाळची मुंबईची गाडी हाय माही. तिथून विमान. माह्या वंदनाचं लग्न हाय, मिलानमध्ये. तिथंच नोकरी करते ती."

"मिलान म्हणजे इटलीच की!"

"मंग? पोरगी म्हणे, बाबा, इथं सगळे सुटातच राह्यतात. अकोल्याच्या शोरूमवाल्यानं किती बोलावलं मले. पण म्या म्हटलं, इटलीत जायचं तं इटालियन टेलरकडूनच शिवीन." ते हसायला गेले, पण हसू आलं नाही. "चाळीस वर्षं दुसऱ्याच्या गाड्यायले वाट देल्ली. माही गाडी आज होती. आता धोतरावर जाऊन पोरीची मान खाली घालू का? मी नाही जात."

जानरावांनी नुसती मान हलवली. चहाचे दोन कप टेबलावर होते, दोन्ही भरलेले, दोन्ही गार.

"कुलूप तोडलं का कुणी?" अनुपमानं विचारलं.

"नाही."

"किल्ली कुणाकडं राह्यते?"

"माह्याकडं. पण मागचा दरवाजा उघडा राह्यला असंन," जानराव पुटपुटले.

"काल शेवटी कोण आलं होतं?"

उत्तर इंद्रभानांनीच दिलं. "मी निघालो तवा काज-बटणवाली विमलबाई आत आली. मी म्हणत नाही का तिनंच नेला. पण दुसरं कोण? पोलिसाले सांगा म्हटलं तं हा जानराव ऐकत नाही."

"पोलीस नको," जानराव घाईनं म्हणाले. "अन् विमलनं नाही नेला."

"तुमाले कसं माहीत?"

जानराव रिकामा हँगर उगाच सरळ करू लागले. अनुपमानं ते मनात नोंदवून ठेवलं.

विमलबाई माळीपुऱ्यातल्या घरीच काज-बटणाचं काम करायच्या. निरोप गेला तशा त्या आल्या, घाम पुसत, हातात बटणांची पुडी. काय झालं ते ऐकलं आणि दारातच उभ्या राहिल्या.

"माह्यावर आळ? बावीस वर्षं या दुकानाचे काज करून राह्यली मी!" त्या जानरावांकडे वळल्या. "भाऊ, तुमी काहीच काऊन बोलत नाही?"

जानराव जमिनीकडे पाहत होते.

"मावशी," अनुपमानं हळूच विचारलं, "तुमी काल कायले आल्त्या?"

"दिवाणजीच्या सदऱ्याचे बटण न्यायले. सूट माह्या हातातून कधीचा गेला. त्याचे काज दोन हप्त्यांआधीच करून देल्ले."

"काज आधी करता की ट्रायलनंतर?"

"नंतर, बाई! सगळ्यात शेवटी. काज एकदा कापलं का मागं येत नाही. कोट अंगावर बराबर बसला, टेलरनं हो म्हटलं, तवाच आमचा हात लागते त्याले."

अनुपमा गर्रकन वळली. भिंतीवर, हार घातलेल्या एका बाईच्या फोटोखाली, जुन्या रंगात लिहिलेला दुकानाचा नियम होता. तो आल्यापासून तिच्या डोळ्यांसमोरच होता: 'ट्रायल दोनच. तिसरी लागली तर टेलर बदला.'

मग ती शोकेसपाशी गेली. कुलूपबंद काच, आत धुळीनं पांढरी झालेली फळी. फळीवर दोन हातांचे ताजे ठसे. पुतळ्याच्या टोपीवर बोटभर धूळ आणि शेरवानीच्या खांद्यावर मात्र कणही नाही. शेरवानीची बटणं पोटावर ताणलेली होती.

छकुली बरोबर बोलली होती. पुतळा फुगला होता!

अनुपमाला ओरडावंसं वाटलं. पण तिची नजर त्या दोन गार कपांवर गेली आणि ती ओरडली नाही. कोडं सुटल्यावर इतकं वाईट वाटतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"सांगू का, काका?" ती जानरावांना म्हणाली. "की तुमीच सांगता?"

जानरावांनी टेपला बांधलेली किल्ली मुठीत धरली. मग तिनंच सांगितलं.

"तुमचा नियम दोन ट्रायलचा. इंद्रभान काकांच्या झाल्या पाच. मावशीनं काज केले दोन हप्त्यांआधी, म्हणजे कोट तवाच बराबर बसला होता. मंग पुढच्या ट्रायल कायच्या? कपड्याच्या नव्हत्याच त्या. अन् सूट दुकानाच्या बाहेर गेलाच नाही. शोकेसमध्ये काल कुणीतरी हात घातला. मावशी नाही, चोर नाही. शोकेसचं कुलूप शाबूत हाय, अन् त्याची किल्ली तुमच्या गळ्यात हाय."



जानरावांनी गळ्यातली टेप काढली. किल्ली लागायला वेळ लागला. शेरवानीची बटणं एकेक करून निघाली. आत निळा सूट होता. त्याच्यावर सुरकुत्या पडल्या होत्या, पण तो अगदी देखणा होता.

"जानराव!" इंद्रभान उठून उभे राहिले. "काऊन, बे?"

"तू ट्रायलले आला का दोन कप चहा होते," जानराव म्हणाले. "माही बायको, कावेरी, गेल्यापासून या दुकानात दुसरा कप लागतच नव्हता. सूट शिवते कोण आता? सगळे रेडीमेड आणतात. तिसऱ्या ट्रायलले म्हटलं, आणखी एकदा येऊ दे. मंग चौथी. काल तू म्हणाला, आता पोरीपाशीच राहीन. मी वेड्यावाणी... सूट नसला तं हा जाणार नाही, एवढंच डोक्यात."

"अरे मूर्खा, तीन महिन्यांच्या वर ते तिथं ठेवतच नाहीत मले! व्हिसा हाय तेवढाच! बोलतो मी, माणूस बोलते तसं!"

जानराव विमलबाईंसमोर हात जोडून उभे राहिले. "तुह्यावर आळ आला अन् मी गप्प बसलो. ते जास्त वाईट केलं."

विमलबाईंनी पदरानं डोळे टिपले. "माफी मंग मांगा. आधी इस्त्री लावा. कोट चुरगळला, अन् गाडी थांबणार नाही."

इस्त्री तापेपर्यंत अनुपमा पायरीवर बसली. पैज अजून बाकीच होती.

"काका, इटलीचं?"

"भुसावळच्या पुढं नाही गेलो मी," जानराव सुटावर ओला कपडा पसरत म्हणाले. "अकोल्याच्या उस्तादांपाशी इटालियन कटाचं पुस्तक होतं. त्यावरून शिकलो. त्यातल्या फोटोत सुटातले माणसं दोघं-दोघं उभे होते, बोलत. एकटा कोणीच नव्हता. तेच आवडलं मले."

पलीकडून प्रेरणा खुणा करत होती, काय म्हणाले म्हणून. अनुपमानं हात हलवला. ती गोष्ट रस्त्यावरून ओरडून सांगण्यासारखी नव्हती.

संध्याकाळी तिघी स्टेशनवर गेल्या. निळ्या सुटातले इंद्रभान डब्याच्या दारात उभे होते आणि खरंच कुणी साहेब वाटत होते. गाडी सुटली. शेवटचा डबा फाटक ओलांडून गेला तरी जानरावांचा हात वरच होता.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना अनुपमानं पाहिलं. दुकान उघडं होतं, खुर्ची रिकामी होती. शोकेसमधला पुतळा पुन्हा वाळला होता. टेबलावर एकच कप होता.

रात्री जेवताना मम्मीनं विषय काढला. "निरोप समारंभाले माही मोरपंखी साडी नेस. सगळ्या पोरी साडीच नेसतात."

अनुपमानं भाकरी ताटात ठेवली.

"पप्पा, मम्मी, मी साडी नेसणार नाही. मी सूट शिवणार. कोट, पँट, सगळं. इटालियन टेलरकडून."

"पोट्टीच्या जातीनं कोट?" पप्पांचा घास हातातच राहिला. "अन् समारंभाले अजून तीन महिने हायेत. एवढ्या लवकर कायले माप द्यायचं?"

"उद्याच देणार," अनुपमा म्हणाली. "ट्रायल लय लागतील."