बाणगंगेच्या वळणावरचे दगड

"वाटेची काळजी करूच नका," उत्तमराव मिरीकर म्हणाले. "गेल्या रविवारी माझे कॅनव्हासचे बूट चढवले आणि सगळा काठ पायी तुडवून आलोय."

दिवाळीची सुट्टी लागली होती. जयपूरच्या आदर्श नगरात मिरीकरांच्या घरी ओळखीची मराठी मंडळी जमली होती. येत्या रविवारी सगळ्यांनी बाणगंगेच्या काठाने दिवसभर पायी भटकायचं, असा बेत शिजत होता. रामगढ तलावाच्या वर नदी डोंगरांत शिरते. तिथे काठाला ना गाव, ना रस्ता. पण उत्तमराव बोलू लागले, की ते रानसुद्धा घरचं अंगण वाटायला लागे. तेरा वर्षांचा दिलीप बाबांना चिकटून ऐटीत बसला होता.

"जेवायला कुठं थांबायचं म्हणता?" सुभेदार हणमंतराव भोइट्यांनी विचारलं. ते मूळचे साताऱ्याकडचे, इथल्या छावणीत बदलून आलेले.

"नदी वळते तिथे. वर कडा, खाली गार सावली."

"उत्तमराव पुढे आहेत म्हटल्यावर माझ्यासारख्या म्हातारीलाही धास्ती नाही," शेजारच्या इंदुबाई म्हणाल्या. दिलीपला तर मूठभर मांस चढलं.

दुसऱ्या दिवशी आईने सांगितलं म्हणून तो बाबांचे कॅनव्हासचे बूट धुवायला घेऊन बसला. एका बुटाच्या तोंडावर कोळ्याने जाळं विणलं होतं. जुनं, धुळीने जाड झालेलं. हे बूट उन्हाळ्यापासून कुणी पायांत घातलेच नव्हते.

दिलीपने ते जाळं घाईघाईने पुसून टाकलं आणि कुणी पाहिलं तर नाही ना, म्हणून मागे वळून बघितलं. खोटं बोलले होते बाबा, कान मात्र त्याचे तापले होते.

दुपारी सुभेदारांची मुलगी प्रतिमा आणि तिचा धाकटा भाऊ राजन खेळायला आले. प्रतिमा दिलीपच्याच वर्गात होती.

"समज, कुणी एखादी जागा न बघताच बघितली म्हणून सांगितलं," दिलीप चाचरत म्हणाला. "मतलब... आपलं उगीच, समज."

प्रतिमाने त्याच्याकडे नीट बघितलं. कोण, ते तिने विचारलं नाही. "मग आपण बघून येऊ. जागा चांगली निघाली, तर बोलायचं कारणच उरणार नाही."

शुक्रवारी रामगढचा तलाव बघायला जातो म्हणून तिघं घरून निघाली. बसमधून उतरल्यावर मात्र ती तलावावर थांबली नाहीत. पाण्याच्या कडेकडेने, मग वाळूतून, बाभळीचे काटे चुकवत ती नदीच्या वरच्या अंगाला चालत राहिली. पाणी घोट्याएवढंच होतं. बऱ्याच वेळाने वळण आलं, आणि खरोखरच वर कडा होता, खाली गार सावली होती. दिलीपला हायसं वाटलं. बाबांनी कुणाकडून ऐकून का होईना, बरोबर सांगितलं होतं.

राजनने लगेच डबा उघडला. प्रतिमा मात्र खाली वाकून काहीतरी बघत होती.

"हे दगड बघ. नदीतले दगड गुळगुळीत असतात. याला धार आहे. आणि हा केवढा वाळूत रुतलाय. नदीने नाही आणलेला, वरून पडलाय."

तेवढ्यात वर कुठेतरी लांबलचक शिट्टी वाजली. प्रतिमा लहानपणापासून छावण्यांत वाढलेली. शिट्टीचा अर्थ तिच्या तत्काळ ध्यानात आला. "सुरुंग आहे. कपारीत पळा!"

तिघं कड्याच्या पोटातल्या कपारीत घुसली. दिलीपचं कोपर खडकाला घासून सोलून निघालं. दुसऱ्याच क्षणी जमीन हादरली आणि मघाशी ती थांबली होती त्या सावलीत दगड कोसळले. धूळ खाली बसली, तेव्हा राजनचा डबा चेपून पत्रा झाला होता.

वरून खाणीचा मुकादम धावत उतरला. "तुम लोग यहाँ कैसे?"

"लाल झंडी कहाँ है?" प्रतिमाने विचारलं.

"सड़क की तरफ़ लगी है। नदी से कौन आता है?"

"इतवार को भी उड़ाते हो?"

"रोज़, खाने की छुट्टी से पहले."

परतीच्या बसमध्ये राजन चेपलेला डबा मांडीवर घेऊन बसला होता. त्या सावलीत पदर पसरून बसलेल्या इंदुबाई दिलीपच्या डोळ्यांपुढून हलत नव्हत्या. पण त्याहून जास्त त्याला बोचत होतं, ते आता बाबांचं पितळ उघडं पडणार, हे. आणि आपल्याला तेच जास्त बोचतंय, याची त्याला आणखीनच लाज वाटत होती.

"बाबा तिथे गेले नव्हते, हे कळू न देता सांगायचं. मी त्यांना निसटायला वाट करून देतो," तो म्हणाला.

संध्याकाळी मंडळी पुन्हा जमली, तेव्हा दिलीपने शर्टाच्या बाह्या खाली ओढल्या आणि विचारलं, "बाबा, त्या वळणावर सुरुंग उडवतात, ते सांगायचं तुम्ही विसरलात ना?"

उत्तमराव क्षणभर अडखळले. "हो, हो. ते... ते सांगणारच होतो."

दिलीपने सुटकेचा श्वास सोडला, पण तो पुरता सुटलाही नाही.

"सुरुंग?" सुभेदार ताडकन उठले. "अहो, ठाऊक असून पोराबाळांना तिथं जेवायला बसवणार होता?"

दिलीपने वाट म्हणून दाखवली, तो खड्डाच निघाला होता. उत्तमरावांची नजर मुलाच्या बाहीवर गेली. तिथे रक्ताचा डाग उमटला होता.

"हे काय लागलं?"

"दगड पडले ना, काका," राजनला राहवलं नाही. "आम्ही आज तिथे गेलो होतो. डबा चेपला."

उत्तमराव मान खाली घालून म्हणाले, "मी गेलोच नव्हतो. रविवारी ऑफिसातल्या सोबत्याकडे पत्ते कुटत होतो. कॉलेजात असताना डोंगर चढायचो, त्या जोरावर बोलत सुटलो."

नंतर मुलांचं फार कौतुक झालं. इंदुबाईंनी तिघांची दृष्ट काढली. सुभेदार म्हणाले, "शाब्बास! तुम्ही आज सगळ्यांचे जीव वाचवलेत. पण पुन्हा न सांगता गेलात तर कान उपटीन." दिलीपला मान वर करवेना. चारचौघांत बाबांच्या हातात दुसरं खोटं त्यानेच दिलं होतं.

शनिवारी उत्तमराव सुभेदारांना घेऊन खाणीवर गेले. नदीच्या बाजूलाही लाल झेंडा लागला, माणूस बसला. बाणगंगेचा बेत मात्र मोडला नाही. रविवारी मंडळी वळणाच्या कितीतरी अलीकडूनच मोकळ्या काठाने निघाली. सुभेदारांनी तिन्ही मुलांना पुढे घेतलं होतं. "हे आमचे वाटाडे," असं ते कौतुकाने सांगत होते.

उत्तमराव सगळ्यांच्या मागे पाण्याचा मोठा कॅन घेऊन चालत होते. दिलीप थोडा वेळ पुढे चालला, मग थांबला. बाबा जवळ आल्यावर त्याने कॅनच्या कडीला हात घातला.

"पुढे जा. तुला बोलावताहेत," उत्तमराव म्हणाले.

"मी सगळ्यांसमोर तसं विचारायला नको होतं, बाबा."

"नको होतं. मला एकट्याला विचारायचंस." ते वाळूतून दमाने चालत राहिले. मग म्हणाले, "पण तेव्हाही मी खरं सांगितलं असतं की नाही, कुणास ठाऊक."

दिलीपने कडी सोडली नाही. दोघं कॅन मधे धरून पाण्यात उतरले.