घोडीले देलेलं आवतन

बसा पोट्टेहो. घोड्याले पानी दाखवलं का? अन् त्यानं पेलं का, ते पाह्यलं? … बरं. मंग सांगतो. माह्या डोळ्यादेखत झालेली गोष्ट हाये. जिच्या घरची हाये ती सुभद्रा अजून जित्ती हाये, पन तिले इचारू नका.

सातासमुद्रापल्याड कुठंशी लढाई लागली होती अन् आपल्या वऱ्हाडातल्या कापसाले सोन्याचा भाव आला होता, ते साल. वलगावच्या जानरावकडे मी सालदार होतो. मानूस वाईट नव्हता, पन पैशाचं वारं लागलं. गाडीत बसून बाजारात जायाची लाज वाटाले लागली म्हनून त्यानं पांढरी घोडी घेतली. हिवाळाभर रोज अमरावती. पाठीवर जखम झाली तरी खोगीर उतरलं नाई. त्याची आठ वर्साची सुभद्रा आपल्या ताटातली भाकर घोडीले चारे, जखमेवर हळद दाबे, बापाशी भांडे. पावसाळ्यात घोडी लंगडी झाली. एका सकाळी ठानावर नाई. जानराव म्हने, "देली एका पाव्हन्याले." पोट्टीनं दोन दिवस अन्न घेतलं नाई.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाईसाठी घुंगरं आनाले मी अमरावतीले गेलो. सुभद्रा संगं आली. घुंगरं घेतले, हळद घेतली, लोटाभर तूप घेतलं. तुमाले माहीतच हाये, त्या सांजेले आपन बैलाचे खांदे तूप-हळदीनं मळतो अन् म्हनतो, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये." एकदा आवतन देलं की वाढाच लागते.

येता येता दिवेलागन झाली. गावाआधीच्या नाल्यापाशी बैल थांबले. हाकलले तरी हलेनात. तेवढ्यात पोट्टी वरडली, "काका, आपली घोडी!"

नाल्यापलीकडे बाभळीले बांधलेली. मान खाली. सुभद्रा उडी मारून पान्यातून पार झाली अन् दोराची गाठ सोडाले लागली. भिजून आवळलेली गाठ, सुटेचना. मी बैल धरून बसलो. खोटं काहून बोलू, मी उतरलोच नाई. एवढी मोठी जखम… अन् तिच्यावर एक माशी नव्हती.

"उद्या सोडू, चाल," मी म्हनलं. पोट्टी गाडीतून तूप-हळद घेऊन गेली. घोडीचे दोन्ही खांदे मळले. कानाले तोंड लावलं. "आज आवतन घे. उद्या जेवाले ये."

घरी येऊन तिनं बापाले सांगितलं. जानराव रागावला नाई. मले गोठ्यात घेऊन गेला.

"नत्थू, पंधरा दिस झाले ती मेली."

"मालक?"

"मोकळी सोडली तर घरी वापस येईन, म्हनून मीच त्या बाभळीले बांधली होती. मंग चारा-पानी घेऊन जायाचं राहून गेलं. गेलो तवा गिधाडं बसले होते."

पोळ्याची रात. अमावस्या. बैल पूजले, पुरनपोळी झाली. जानरावनं दाराले अडसर घातला. कोनी झोपलं नाई.

मध्यरात्री पाऊस थांबला.

टप… टप… टप… अन् फरफट.

तीन पाय पडत होते. चौथा घासत होता.

गोठ्यातले बैल उठून उभे झाले. आवाज दारापाशी आला. थांबला. फटीतून गरम वाफ आली. सडल्या गवताचा वास आला.

"बा, ती उपाशी हाये."

"चूप."

"मी आवतन देलं तिले."

दारावर कोनी कपाळ घासलं. एकदा. दोनदा. अडसर करकरला. सुभद्रा दाराकडे निघाली. जानरावनं तिले मागं ओढलं. अन् पुरनपोळीचं ताट त्यानंच उचललं.

"लेकीचं काम नाई. बांधली मी. वाढीन मी."

तो भाईर गेला.

आमी आत. नुसतं चावनं ऐकू आलं… लय वेळ.

मंग जानराव आला. ताट चाटूनपुसून साफ. अडसर घातला अन् भिंतीकडे तोंड करून पडला.

सकाळी सुभद्रानं पाह्यलं. बापाचे दोन्ही खांदे पिवळे. तूप अन् हळद. त्यानं राखेनं घासले. कातडं सोललं. पिवळं निघेना.

"बा… तुले आवतन आलं," पोट्टी म्हनाली.

त्या रात्री अडसर मी घातला. दारात आडवा निजलो. सुभद्रा बापाच्या धोतराचा सोगा मुठीत धरून झोपली. दार वाजलं नाई. पाऊल वाजलं नाई.

उजाडलं. अडसर जागच्या जागी. जानरावचं अंथरून रिकामं. तो मानूस पुन्हा कोनाले दिसला नाई.

पोट्टीची मूठ तशीच आवळलेली होती. मी एक एक बोट उघडलं.

धोतर नव्हतं… बाभळीवरचा घोडीचा दोर होता. ओला. गाठ सुटलेली.