बिनगाठीचा हार

रूपालीनं तुमाले इथं आणून बसवलं, म्हणून सांगून राहिलो. कोणी पाव्हणा आला का या पोट्टीचं सुरूच, "बाबा, ते फोटोचं सांगा." मी काय कीर्तनकार हावो? चहा घ्या न् मधात बोलू नका.

तेल्हाऱ्याची ही माही झेंडूची वाडी. पोरगा नितेश अकोल्याले कामाले होता. तिथं जुन्या शहरात किशोर नावाचा गॅरेजवाला. दर रविवारी पोट्टे जमवून फटफट्या घेऊन चिखलदऱ्याच्या घाटात जाय. त्याच घाटात नितेश खाली दरीत सापडला. वास सुटल्यावर सापडला. किशोर सगळ्यायदेखत म्हणे, "काका, तो आमच्यासंग नव्हताच. एकटाच गेला असन."

पोरगा पडला, ते नशीब. पण हे त्याले टाकून पुढं गेले, न् वरून खोटं. मले एवढंच पाह्यजे होतं का किशोरनं माह्या दारात येऊन म्हणावं, होता आमच्यासंग, चुकलं.

रूपाली अमरावतीले शिकते. सुटीत आली तवा म्हणे, "बाबा, मोबाईलले एक फोटो दाखवला का तसेच दिसणारे फोटो तो जगभरातून हुडकून आणते. राईडचे फोटो लोकं टाकतातच." मी भिंतीवरच्या नितेशकडं बोट केलं.

"हार काढा मंग. चेहरा झाकते."

"हार नाई निघत."

आमच्या घरची रीत हाये. गेलेल्याच्या हाराले गाठ मारत नाई, दोन्ही टोकं मोकळी सोडतो. न् दुसरा हार हातात असल्याबिगर पहिला उतरवत नाई. तिनं हारासकट फोटो काढला. तिथंच चुकलं, म्हणते ती. मोबाईलले हार दाखवला, त्यानं हारच हुडकला.

भर दुपार होती. पान हलत नव्हतं. वाडीतून सडक्या फुलायचा वास, न् त्याच्यात कुठून तरी पेट्रोलचा.

पहिलाच फोटो घाटातला, कोण्या परक्यानं टाकलेला. नितेश गेला त्याच सकाळचा. फटफट्यायची रांग, मधात किशोर, त्याचा हात नितेशच्या खांद्यावर. नितेश हासून राहिला होता. गळ्यात झेंडूचा हार... टोकं मोकळी.

"बाबा... तवा तर दादा जित्ता होता."

दुसऱ्या दिवशी किशोरच्या गॅरेजात गेलो. मोबाईल पुढं धरला. त्याचं तोंड उतरलं, पण दोस्त उभे होते बाजूले.

"काका, असे फोटो आता लेकरंबी बनवतात."

"न् हार?"

"कोणता हार?" त्याले दिसेच ना. दोस्तायले म्हणे, "म्हाताऱ्याले ऊन लागलं बे. पाणी पाजा." सारे हासले.

घरी येऊन रूपालीले म्हटलं, पुन्हा हुडक. आता नितेश आलाच नाई. आला तो ताजा फोटो, परतवाड्याच्या चहाटपरीवरचा. किशोर मधात उभा. हार त्याच्या गळ्यात. टोकं मोकळी.

तिनं किशोरचा नंबर काढला. "रविवारी पुन्हा जाऊन राहिले ते... त्याले फोन करू?"

"ठेव खाली."

"बाबा, माणूस मरन."

"त्यानं मागं वळून पाह्यलं होतं का?"

रडली. रडू दिलं. रविवारी मी झेंडू तोडत होतो, तवा बातमी आली. किशोर दरीत पडला, नितेश पडला त्याच वळणावर. संगचे पोट्टे पुढं निघून गेलते, कोणी थांबलं नाई. मी टोपलं भरलं, घरी आलो, पोटभर जेवलो.

तुमाले वाटन, मिटलं.

मंग म्या पुन्हा हुडकायले लावलं. ती नको म्हणे. आता एकच फोटो येते. ह्या घराचा. हे फाटक, हा हौद, फाटकाले लागून फटफट्या. कोणी काढला, माहीत नाई. किशोर पुढं, गळ्यात हार, तोंड उघडं, काही बोलून राहिल्यासारखं. त्याच्या खांद्यावर मागून नितेशचा हात. आधी फाटकापाशी होते दोघं. मंग हौदापाशी. काल पाह्यलं तं पायरीवर.

फोटोत आवाज येत नाई. पेट्रोलचा वास मात्र येते... तुमालेबी येऊन राहिला न?

बसा. दार मीच उघडं ठेवलं हाये. तोंड नुसतं उघडून भागत नाई. शब्द निघाले पाह्यजे. माफी अजून मागतली नाई त्यानं. किशोरनं.