पिवळ्या गोळ्या

तान्ह्या पोळ्याच्या दुपारी वर्ध्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मला बाजूला नेलं आणि नलू गेल्याचं सांगितलं. ताप चार दिवसांचाच होता. पण अंगात रक्त फार कमी होतं, आणि ते आजचं नाही, वर्षानुवर्षांचं, असं ते म्हणाले. आमच्या आंजी गावातल्या बायकांच्या पापण्या ओढून त्यांचं रक्त पाहणारी माझी बायको. तिची पापणी मी कधी पाहिली नाही.

ती १९७४ साली गिरडहून आमच्या गावात नर्स म्हणून आली. एसटीतून उतरली तेव्हा मी बैलबंडी घेऊन तिथेच होतो. तिची पेटी घेतली. वाटेत तिने बैलांची नावं विचारली, शेतात काय पेरलं ते विचारलं. मी मान हलवत राहिलो.

"तुमच्यापेक्षा बैल बरे," ती म्हणाली. "ते हुं तरी करतात."

मला हसू आलं... आणि ओठांचे दोन्ही कोपरे फाटून रक्त आलं. महिनाभर तोंड आलेलं होतं. तिने तिथेच पेटी उघडली, पिवळ्या गोळ्या दिल्या. जीवनसत्त्व कमी पडलं की असं होतं, ताक प्या, मोड आलेली मटकी खा, म्हणाली.

आठ दिवसांत तोंड बरं झालं. पण मी दर मंगळवारी तिच्या दवाखान्यात जातच राहिलो. अजून दुखतं म्हणायचो, गोळ्या आणायचो, डब्यात टाकायचो. ती रोज नवी साडी नेसत नव्हती, पण मला नवीच वाटायची.

एका मंगळवारी तिने माझ्याकडे नीट पाहिलं.

"हसून दाखवा."

"काऊन?"

"दाखवा ना."

मी हसलो. कुठेच फाटलं नाही.

"मंग गोळ्यायचं काय करता? बैलाले चारता?"

मी घरून डबा आणून तिच्यापुढे ठेवला. भरलेला होता. तिचा चेहरा उतरला.

"गावातल्या बाळंतिणीले पुरत नाईत ह्या गोळ्या, रूपराव. अन् तुम्ही अडवून ठेवल्या."

"मले दुसरं काय सांगून येता येते इथं?"

तिने डब्याचं झाकण लावलं. मग पदराने तोंड झाकलं — हसत होती.

"आता काही सांगू नका," ती म्हणाली. "तसेच येजा."

पुढच्या उन्हाळ्यात आमचं लग्न झालं. नोकरी तिने सोडली नाही. घरोघरी बायकांना सांगायची, गडीमाणसांच्या आधी नाही तर निदान बरोबरीने जेवा, पालेभाजी स्वतःच्या ताटात वाढून घ्या. आमच्या घरी मात्र आईची रीत होती. पुरुष उठल्यावर बायका बसायच्या. तोवर भाजीचं भांडं खरवडायलाच उरायचं, नलू चटणी-भाकर खायची.

एकदा ती म्हणाली, "तुम्ही आईले एक डाव म्हणून पाहा ना. माह्या तोंडून ते बरं दिसत नाई."

"म्हणतो," मी म्हणालो.

तिने पुन्हा विचारलं नाही. माझ्यावर तिचा विश्वास होता.

आमची जयवंता आता दहा वर्षांची आहे. आजीबरोबर ती शेवटी जेवायला बसते. आईला मी अजून म्हटलेलं नाही.