पहिल्या पानावरचा खुनी

“भाऊजी, दार लावून घ्या. बाईंना रडायचंय.”

“मी रडत नाहीये,” खुर्चीतल्या अक्का म्हणाल्या. “मी चिडलेय. माझं चिडणं डोळ्यांतून येतं, त्याला मी काय करू?”

वहिनींची तपासकचेरी लाँड्रीच्या वरच्या दोन खोल्यांत होती. विमा कंपन्यांसाठी खोटे दावे पकडण्यात त्यांची वीस वर्षं गेली होती. आता कोणी नुसतं ‘बरं आहे ना?’ विचारलं, तरी हा का विचारतोय, असं त्यांच्या मनात येई. भाऊजी म्हणजे त्यांचे धाकटे दीर, गणिताचे निवृत्त मास्तर. ते वहिनी म्हणत, म्हणून सगळी गल्लीच वहिनी म्हणे. मास्तरांची बेरीज कागदावर कधी चुकली नाही. माणसांच्या बाबतीत मात्र दोन आणि दोन त्यांना हमखास पाच दिसत.

अक्का टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. लग्न केलं नाही. घरात थोरली बहीण, ताई, दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली.

“वाचनालयातून माझं नाव काढतायत,” अक्का म्हणाल्या. “रविवारी बैठक आहे. सात रहस्यकथांच्या पहिल्या पानावर खुनी कोण ते लिहिलंय म्हणे. हिरव्या पेन्सिलीने. हिरवी पेन्सिल माझी, म्हणून मी.”

“पुस्तकं पाहिलीत तुम्ही?”

“मला दाखवलीच नाहीत. चोराला कोण तिजोरी दाखवतं?” त्यांनी डोळे पुसले. “वहिनी, मी दुपारी दोन ते चार ताईला वाचून दाखवते. त्या दोन तासांच्या आशेवर ती उरलेले बावीस काढते. पुस्तकं बंद झाली तर मी तिला काय दाखवू? छत?”

वहिनींनी अक्कांच्या पिशवीतून डोकावणारं पुस्तक मागितलं. मागच्या पुठ्ठ्याला आतून कागदी खिसा होता आणि खिशात कार्ड.

“हे अभिप्रायाचं कार्ड. वाचून झालं की लिहायचं. बाकीचे लाजतात, मी लिहिते.”

भाऊजींनी कार्ड मोठ्याने वाचलं. “‘खून चहापानात, तपास बागेत, सगळे गोड बोलतात. साठ पानं केकचं वर्णन. मेलेला माणूस सुटला म्हणायचा.’ अहो, फाडूनच टाकलंत की पुस्तक!”

“मास्तर, कार्ड उलटा.”

मागे लिहिलं होतं : ‘पण शेजारणींचं भांडण असं रंगलंय की ताई हसून हसून ठसकली. जरूर न्या.’

“माझी शिवी पुढे, शाबासकी मागे,” अक्का म्हणाल्या. “पुढच्या बाजूला जागाच पुरत नाही.”

“आणि या तीन हिरव्या खुणा?”

“गुण. पाचपैकी. पाच फक्त त्याला, ज्याने मला फसवलं. अशी आजवर दोनच पुस्तकं निघाली.”

“फसवलं म्हणजे?”

“आमची पैज असते. रहस्यकथा अर्ध्यावर आली की मिटायची. ताईने एक नाव सांगायचं, मी एक. मी माझं चिठ्ठीवर लिहून तिथेच खोचते. नाहीतर ताई मागाहून म्हणते, मीही तेच म्हणत होते.”

“चिठ्ठ्यांचं पुढे काय होतं?”

“काय व्हायचंय? राहतात पुस्तकातच.”

वहिनींनी कार्ड परत खिशात सरकवलं. “तुम्ही कोणाकोणाला दुखावलंय, आठवा.”

“लेखक आहेत ना आपले, त्यांना. त्यांचा खुनी मी तिसऱ्या पानावर ओळखला नि चौथ्यावर कंटाळले, असं लिहिलं. बाइंडरला. त्याने सोळा पानं उलटी शिवली होती. आणि प्रेमकथावाल्या बायका तर डझनभर. एकीची नायिका ताप आल्याशिवाय प्रेमातच पडत नाही. एकीत दोघांची स्टेशनवर चुकामूक, तीही तीनदा. एकीत दुकानदार मुद्दाम घड्याळ पुढे ठेवतो, का, तर समोरच्या खिडकीतल्या बाईने मान वर करावी. पण त्या बायका काही आपल्या गावात राहत नाहीत.”

“कशावरून?” वहिनी म्हणाल्या.

अक्का गेल्यावर भाऊजी म्हणाले, “बिचारी.”

“असेल. नसेलही,” वहिनी म्हणाल्या. “रडणाऱ्याचा दावा मी आधी तपासते.”

वाचनालय पहिल्या मजल्यावर होतं. ग्रंथपाल बाई चाळिशीच्या, नीटनेटक्या, खिडकीलगतच्या काउंटरवर बसलेल्या. काउंटरला सुतळीने एक हिरवी पेन्सिल बांधली होती.

“अक्कांनीच डझनभर आणून दिल्या,” बाई म्हणाल्या. “मलाच वाईट वाटतंय हो. पण महिनाभरात सहा जणांनी तक्रार केली, मी कुठवर झाकणार? इतक्या पुस्तकांचे खुनी दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? अक्कांचा अंदाज कधी चुकत नाही.”

“तुम्हाला ठाऊक नसतात?”

“खूनबिन मला सोसत नाहीत. मी आपली प्रेमकथावाली.”

सात पुस्तकं काउंटरवर आली. वहिनींनी एकेक उघडलं. ‘खुनी : नर्स.’ ‘खुनी : घरमालक.’ अक्षर सुटं, सरळ, पाटीवर गिरवल्यासारखं. ते कोणाचंही असू शकलं असतं. मग त्यांनी प्रत्येक पुस्तक उलटं धरून झटकलं. काहीच पडलं नाही.

सहांचे शेवट त्यांनी चाळून पाहिले. सातवं होतं ‘लिफ्टमधला सहावा माणूस’. पहिल्या पानावर ‘खुनी : पुतण्या’. कार्डावर अक्कांच्या पाच खुणा. वहिनींनी शेवटचं प्रकरण उभ्या उभ्या वाचलं आणि नुसतं “बरं,” म्हणाल्या.

त्यांचं ‘बरं’ भाऊजींना कधीच कळत नसे. ते खिडकीतून समोरच्या घड्याळजीच्या दुकानाकडे बघत होते. दुकानावर परातीएवढं घड्याळ होतं.

“अरे बाप रे, पावणेसहा! वहिनी, लेखकांनी साडेपाचला बोलावलं होतं!”

“ते वीस मिनिटं पुढे असतं,” ग्रंथपाल बाई मान खाली ठेवूनच म्हणाल्या.

वहिनी प्रेमकथांच्या कपाटाशी होत्या. “इथे दोनशे तेरानंतर एकदम दोनशे पंधरा आहे.”

“दोनशे चौदा फाटलं. बाइंडरकडे गेलंय.”

“फारच वाचलं गेलं वाटतं.”

बाईंनी काउंटरचा खण आत लोटला.

लेखकांनी दार उघडलं ते तावातावानेच. “ती बाई वाचत नाही, पाखडते! माझ्या कादंबरीला एक खूण! एक! त्यापेक्षा भोपळा दिला असता तर निदान गोल दिसला असता.”

“तिचं नाव काढलं तर तुम्हाला बरं वाटेल?”

“पेढे वाटीन. पण ते माझं काम नाही. शेवट फोडणं म्हणजे आमच्या धंद्यात पाप. मी स्वतः शत्रूचासुद्धा शेवट फोडत नाही.”

“‘लिफ्टमधला सहावा माणूस’ वाचलंय?”

लेखकांचा चेहरा पडला. “दोनदा. सगळा संशय पुतण्यावर, आणि शेवटच्या दोन पानांत तो देवमाणूस डॉक्टर निघतो! मी पुस्तक भिंतीवर फेकलं. असं मला सुचत नाही, म्हणून.” मग त्यांनी जीभ चावली. “घ्या, फोडला मी शेवट.”

जिना उतरताना भाऊजी कुजबुजले, “हाच. तोंडानेच कबूल झाला, शेवट फोडतो म्हणून!”

“भाऊजी, तुम्ही गणितच शिकवत होतात ना?”

बाइंडर खळीने माखलेल्या हातांनी नमस्कार करून म्हणाला, “वाचनालयाचं पुस्तक? चार महिने झाले, एक आलं नाही. सोळा पानांची गोष्ट त्या अक्कांनी गावभर केली. बरोबर होतं म्हणा त्यांचं. पण कार्डावर लिहायचं? कानात सांगायचं.”

“दोनशे चौदा नंबरचं? प्रेमकथा?”

“सांगितलं ना, एक नाही.”

भाऊजींनी हिशेब मांडला. “वहिनी, तक्रारी महिनाभरातल्या. याच्याकडे चार महिने पुस्तक नाही. म्हणजे हा सुटला. लेखक उरला. किंवा...” ते थांबले. “किंवा अक्काच.”

“त्यांनाही मी अजून सोडलेलं नाही,” वहिनी म्हणाल्या. पण त्या वाटेत दोनदा मागे वळून घड्याळजीच्या दुकानाकडे बघत होत्या.

रविवारी तीन वाजता वाचनालयाच्या मोठ्या टेबलाभोवती सगळे जमले. अध्यक्ष एक निवृत्त दंतवैद्य होते आणि लवकर उपटून मोकळं व्हायची त्यांची सवय गेली नव्हती. अक्का भिंतीकडच्या खुर्चीत बसल्या होत्या, पिशवी मांडीवर घट्ट धरून.

“पुरावा हिरवा आहे आणि बाईंची पेन्सिलही हिरवी आहे,” अध्यक्ष म्हणाले. “मतदान घेऊ या.”

“आधी एक प्रश्न,” वहिनी म्हणाल्या. “अक्का, ‘लिफ्टमधला सहावा माणूस’ यातला खुनी कोण?”

“डॉक्टर! मेल्याने मला फसवलं. मी पुतण्यावर पैज लावली होती.”

वहिनींनी पुस्तक उघडून टेबलावर ठेवलं. ‘खुनी : पुतण्या.’

“सात नावांपैकी सहा बरोबर आहेत, हे एक चूक. ज्याने पुस्तक शेवटपर्यंत वाचलं, तो हे लिहिणार नाही. अक्का लिहिणार नाहीत, त्यांनी तर फसले म्हणून पाच खुणा दिल्यात. लेखक लिहिणार नाहीत, त्यांनी डॉक्टरपायी पुस्तक भिंतीवर फेकलं. मग हे नाव आलं कुठून? हे आहे अक्कांच्या पैजेचं नाव. अर्ध्यावर खोचलेल्या चिठ्ठीवरचं.”

वहिनींनी पुस्तक मिटलं.

“मी सातही पुस्तकं झटकली. एकातही चिठ्ठी नव्हती. एखाददुसरी कोणाही वाचकाला सापडली असती. सातही मात्र एकाच जागी सापडतात, जिथे अक्का पुस्तक परत करतात तिथे. म्हणजे लिहिणारा माणूस काउंटरवरचा. रहस्यकथा न वाचणारा. आणि ‘अक्कांचा अंदाज कधी चुकत नाही’ यावर डोळे मिटून विश्वास ठेवणारा.”

भाऊजींनी ग्रंथपाल बाईंकडे पाहिलं आणि त्यांची बेरीज एकदाची जमली.

“पण का?” अध्यक्ष म्हणाले. “बाईंचं अक्कांशी काय वाकडं?”

“दोनशे चौदा,” वहिनी म्हणाल्या. “बाइंडरकडे गेलं म्हणाल्या, तिथे गेलेलंच नाही. अक्कांनी मला एक प्रेमकथा सांगितली. दुकानदार घड्याळ मुद्दाम पुढे ठेवतो, समोरच्या खिडकीतल्या बाईने वर बघावं म्हणून. ती लिहिणारी कुठे बसून लिहीत असेल?”

सगळ्यांच्या माना खिडकीकडे वळल्या. समोरचं घड्याळ साडेतीन दाखवत होतं. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून दहा झाले होते.

ग्रंथपाल बाईंनी खण उघडला. आतलं पुस्तक कोरं करकरीत होतं. नाव होतं ‘वीस मिनिटं पुढे’, लेखिकेचं नाव भलतंच.

“अकरा वर्षं लिहिलं,” त्या म्हणाल्या. “कोणाला सांगितलं नाही. टोपणनावाने छापून गुपचूप फळीवर ठेवलं आणि पहिल्यांदा अक्कांनी नेलं. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. परत आलं तेव्हा हे लिहिलेलं.” त्यांना कार्ड बघावं लागलं नाही. “‘लेखिकेने प्रेम फक्त खिडकीतून पाहिलंय. रस्ता ओलांडायची हिंमत ना नायिकेला, ना हिला.’ त्यानंतर माझ्याने ते फळीवर ठेववेना. अक्का, तुम्ही रोज हसत यायचात, पुस्तकं पाखडायचात. मला वाटायचं, यांना एकदा तरी कोणी दोषी म्हणावं.”

अक्कांचा चेहरा पांढरा पडला होता. “ताई चार दिवस जेवली नाही,” त्या म्हणाल्या. “मी तिला सांगितलं होतं, तुझ्या पुस्तकांवर बंदी येणार म्हणून.”

बाईंनी मान खाली घातली. “माझं चुकलं. अध्यक्ष, माझा राजीनामा घ्या.”

“थांबा,” वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच मऊ झाला. “बाई, तुम्ही दोनदा एकच चूक केलीत. अर्ध्यावरची चिठ्ठी वाचलीत आणि तोच शेवट धरलात. ते कार्ड उलटून पाहिलंत का कधी?”

“उलटून?”

“मीही पाहिलेलं नाही. पण अक्कांची शाबासकी कुठे असते, हे मला ठाऊक आहे.”

बाईंच्या हातून कार्ड निघेना. शेवटी भाऊजींनीच ते पुस्तकाच्या खिशातून काढलं, उलटलं, आणि वर्गात वाचतात तसं खणखणीत वाचलं.

“‘पण खिडकीतून एवढं दिसायला डोळे लागतात. मला वाटलं होतं, शेवटी ती जिना उतरेल. तोच वर आला. फसवलंत! ताईने दोनदा वाचायला लावलं, दोन्ही वेळा दोघी रडलो. या बाईंचं पुढचं पुस्तक आलं की पहिलं मला राखून ठेवा.’” भाऊजी थांबले. “आणि खाली खुणा आहेत. पाच.”

बाई कार्डाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पदर तोंडाला लावला. लेखकांनी खाकरून नाक शिंकरलं. पाच खुणा त्यांना जन्मात मिळाल्या नव्हत्या. आता कोणाचं नाव काढायचं, हे अध्यक्षांना कळेना.

अक्का उठल्या. पिशवी खांद्याला अडकवून काउंटरशी आल्या.

“तुमच्यावर मी भयंकर चिडलेय,” त्या म्हणाल्या. “चार दिवस तुम्ही माझ्या बहिणीचे खाल्लेत, ते मी विसरणार नाही. ही झाली पुढची बाजू.”

बाईंनी मान हलवली.

“दुसरं लिहिताय?”

“लिहितेय,” बाई जेमतेम म्हणाल्या. “पण अजून अर्धंच झालंय.”

अक्कांनी सुतळीची हिरवी पेन्सिल उचलली, टोक पाहिलं, आणि हात पुढे केला.

“आणा अर्धं. ताई वाट बघतेय. पैज अर्ध्यावरच लावतो आम्ही.”