सव्वीस सेकंद

बागेच्या कोपऱ्यावर उभा असलेला तो माणूस सलग तिसऱ्या दिवशी तिच्या पायांकडे बघत होता, आणि चष्मेवालीच्या नाकावर तर राग कायमच बसलेला.

चष्मेवाली म्हणजे चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवणारी. संध्याकाळी दुकानातून सुटली की ती घरून बाबांना घ्यायची आणि रस्त्यापलीकडच्या बागेत न्यायची. बाबा तीस वर्षं सायकलवरून घरोघरी पत्रं वाटत हिंडलेले. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. रोज चाललात तर चालाल, बसलात की संपलं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण मध्ये हा रस्ता होता. पायी जाणाऱ्यांसाठी हिरवा दिवा चौदा सेकंद लागायचा आणि तेवढ्यात बाबा जेमतेम दुभाजकापर्यंत पोचायचे. मग दोघं त्या हातभर रुंद कट्ट्यावर, दोन्हीकडून सुसाटणाऱ्या गाड्यांच्या मधोमध, एकमेकांना धरून पुढच्या हिरव्याची वाट बघत उभी राहायची.

त्या दिवशी तिने बाबांना बाकावर बसवलं आणि तरातरा त्या माणसासमोर जाऊन उभी राहिली.

"काय बघताय?"

"पाय," तो म्हणाला आणि स्वतःच दचकला. "म्हणजे — तुमचे नाही. त्यांचे... म्हणजे तुमचेही, पण — मोजतोय हो मी."

त्याच्या हातात खरंच स्टॉपवॉच होतं. शहरातले सिग्नल सांभाळणारा इंजिनिअर होता तो. त्याने अजिजीने समजावलं की कार्यालयाच्या हिशेबात माणूस सेकंदाला सव्वा मीटर चालतो, म्हणून चौदा सेकंद.

"कोण हा माणूस? मला एकदा भेटवा त्याला."

"मीही शोधतोय. आठ वर्षं झाली, अजून रस्ता ओलांडताना दिसला नाही."

तिला हसू आवरेना. भांडायचं राहूनच गेलं.

चार दिवसांनी दिवा सव्वीस सेकंद लागला. बाबा एका दमात पलीकडे पोचले, वळून मागचा रस्ता बघत राहिले आणि दिवसभरात पहिल्यांदा बोलले. हा सिग्नलवाला कामाचा दिसतो, म्हणाले.

मग सिग्नलवाल्याची तपासणी रोज बरोबर सहा वाजता निघू लागली. कोपऱ्यावरची पेटी उघडायची, आत उगाच डोकवायचं, बंद करायची. रोज बिघडतो का हो, असं तिने साळसूदपणे विचारलं. सिग्नल ठणठणीत आहे, तो म्हणाला, माझंच काहीतरी... आणि वाक्य तिथेच सोडून दिलं. त्याचा चष्मा एका कानावर कललेला असायचा. एकदा भुरभुर पावसात तिने तो सरळ काढूनच घेतला, ओढणीने पुसला, काडी बोटांनी हलकेच वाकवली आणि परत त्याच्या नाकावर ठेवला.

"आता नीट दिसतंय?"

"मला हवं ते आधीही दिसत होतं."

ती लाजली आणि लाजली म्हणून स्वतःवरच चिडली.

बाबा झाडांच्या गोष्टी सांगायचे. बागेतली ही झाडं पूर्वी रस्त्यावरही होती, दोन्ही बाजूंनी. भर दुपारी ते सावलीतून पत्रं वाटायचे. एके दिवशी सिग्नलवाल्याने बाकावर एक नकाशा पसरला. याच रस्त्याचा होता. कडेने सायकलींची वाट, रुंद पदपथ, झाडांची रांग, सगळं त्याने स्वतः काढलेलं. बाबांनी थरथरतं बोट सायकलींच्या वाटेवर ठेवलं आणि दारादाराशी थांबत सावकाश शेवटपर्यंत नेलं. सिग्नलवाला तोवर कागदाचं टोक वाऱ्याने उडू नये म्हणून धरून बसला होता. त्याच वेळी चष्मेवालीला कळून चुकलं की आपला जीव या माणसात अडकला.

ते सुख तीन महिने टिकलं. गाड्यांच्या रांगा लांबल्या, तक्रारी झाल्या, आणि न विचारता बारा सेकंद वाढवल्याचं उघडकीला आलं. नकाशा कपाटात गेला. चौकात लोखंडी पूल उभा राहिला, बेचाळीस पायऱ्यांचा. रस्त्याच्या कडेने कठडे बसले, सिग्नलपाशी तेवढी फट उरली. सिग्नल शनिवारी कायमचा बंद करायचा होता आणि तो सिग्नलवाल्यानेच, मग बदलीच्या गावी निघायचं. पुलाच्या पायऱ्या बाबांनी खालूनच मोजल्या. काठीचं टोक पहिल्या पायरीला लावलं, आणि म्हणाले, चल घरी.

शुक्रवारी त्याने तिला विचारलं, माझ्याबरोबर याल का. बाबांनाही घेऊन. बाबांनी ऐकून घेतलं. या गावातलं दार न् दार माझ्या ओळखीचं आहे, म्हणाले, नव्या जागी मला खाटेवर नेऊन टाकू नकोस. "तू मात्र जा, पोरी. तुझी धाकटी बहीण बघेल माझं. नाहीतरी मी आता कुठे चालणार आहे?"

रात्रभर ती रडली. सकाळी मात्र मन घट्ट केलं. जायचं. आयुष्यात एकदा तरी स्वतःसाठी.

शनिवारी संध्याकाळी ती पहिल्यांदाच एकटी निघाली. पलीकडे तो पेटीपाशी उभा होता, हातात किल्ली. तिला बघून त्याचा चेहरा उजळला. त्याने हिरवा दिवा लावला, आणि सवयीने स्टॉपवॉचही. तिला पळत जायचं होतं. 'हो' ओठांवरच होतं. पण पाय पडत होते ते सावकाश, एकेक, मध्ये थबकत. दुभाजकाशी आल्यावर तिला कळलं की आपला उजवा हात कोपरातून वाकलेला आहे, कुणालातरी धरल्यासारखा. ज्यांना घरी ठेवून ती निघाली होती, ते तिच्यासोबतच चालत होते.

ती पोचली. तिने त्याच्या हातातल्या स्टॉपवॉचकडे बघितलं.

"किती?" तिने विचारलं.

"सव्वीस."

त्याने घड्याळ खिशात टाकलं. त्यालाही कळलं होतं.

"मला तुम्ही फार आवडता," ती म्हणाली. "हे सांगायला आले होते. आणखी एक सांगायचं होतं... ते आता नाही जमणार."

त्याने मान डोलावली. चष्मा पुन्हा कलला होता. तिने नेहमीसारखी काडी वाकवली, पण या वेळी हात लवकर मागे आला नाही.

"परत जाताना घाई करू नका," तो म्हणाला. "तुम्ही पोचेपर्यंत मी बंद करत नाही."

ती गेली. पोचली, वळली. दिवा अजून हिरवाच होता. गाड्यांचे हॉर्न बोंबलत होते आणि तो किल्लीवर हात ठेवून तिच्याकडे बघत होता, आता बंद करू का, असं विचारल्यासारखा. तिने मान डोलावून 'हो' म्हटलं, आणि त्याने किल्ली फिरवली.