गोविंदाचा सदरा

राजूरच्या कोळसा खाणीवर कपडे झटकायची एक पत्र्याची शेड होती. पाळी संपवून वर आलेल्या मजुरांनी अंगावरचे काळे कपडे तिथंच टाकायचे, आणि बायांनी तोंडाला ओलं फडकं बांधून, वारा पाठीशी घेऊन, ते काठीनं झोडपायचे. धूळ घरी जाता कामा नये, असं खाणीच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. इंदूबाई हेच काम करायची. तिचा नवरा गोविंदा छातीत धूळ बसून गेला, त्यानंतर ही शेड उभी राहिली. त्याचा शेवटचा सदरा मात्र तिनं न झटकताच घरात खुंटीवर ठेवला होता. एकटीच्या घरात तेवढीच सोबत.

बासष्टच्या हिवाळ्यात तिची लेक नलू मारेगावहून बाळंतपणाला यायची होती. तान्ह्या जिवाच्या घरात ती धूळ नको, म्हणून सुटीच्या दुपारी इंदूबाई सदरा घेऊन शेडमध्ये आली. खाण बंद होती. आसपास चिटपाखरू नव्हतं. तारेवर सदरा टाकून तिनं काठी उगारली.

धूळ उठली. पुन्हा मारलं, पुन्हा उठली. एका सदऱ्यात मावेल त्याहून कितीतरी जास्त. भर दुपारी शेड अंधारून आली. कोळशाच्या वासात तंबाखूचा ओळखीचा वास मिसळला. आणि सदऱ्यापलीकडून कुणीतरी खोकलं.

तिचा हात वरच राहिला.

“इंदू... हळू मार. थंडी वाजून राह्यली मले.”

तो गेल्यापासून तिला अशी हाक कुणी मारली नव्हती. काठी टाकून सदरा उराशी धरावा, असं फार वाटलं तिला.

“नलू येऊन राह्यली,” ती हलकेच म्हणाली. “पोटुशी हाय... तुमी आता जा.”

डोळे मिटून ती मारत राहिली, धूळ यायची थांबेपर्यंत. मग सदरा धुऊन तिथंच वाळत घातला आणि मागं न पाहता घरी गेली. त्या रात्री रिकाम्या खुंटीकडं पाहत ती जागीच होती.

दुसऱ्या दिवशी नलू आली. लेकीला जेवू घालून इंदूबाई कामावर गेली. पाळी सुटल्याचा भोंगा वाजला, तसा शेडचा रखवालदार रहमत तारेवरचा सदरा घेऊन तिच्याजवळ आला.

“बाई, हा आत्ता कोनी घातलता काय?” त्यानं दबक्या आवाजात विचारलं. “सकाळी खडखडीत वाळला होता. आता पाठ घामानं भिजली हाय... अन् गरम हाय.”